कोरडी सुई आणि तिप्पण्णाचा शब्द

“आधी कापसातून ओढायची, मग अंगाला लावायची. कापूस अडकला तर धारेच्या दगडावर परत. घाई करायची नाही.”

अक्कम्माबाईंचा हा आवाज अजून माझ्या पोकळीत घुमतो. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून त्या दवाखान्यात यायच्या. स्टोव्ह पेटवायच्या, आम्हा सुयांना उकळत्या पाण्यात सोडायच्या आणि स्वतःलाच बजावल्यासारखं हे म्हणायच्या. वापरून वापरून सुईच्या टोकाला बारीक आकडी येते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण कापसाला कळते. अशी सुई माणसाच्या अंगात गेली तर जाताना दुखवते आणि येताना फाडते. म्हणून आमची रोज परीक्षा असे.

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. कपडे शिवणारी नव्हे, दवाखान्यातली. कुठल्याशा कारखान्यात पोलादाची नळी ओढून ओढून केसासारखी बारीक केली, तिचं टोक तिरकं कापलं, दुसऱ्या टोकाला पितळेची टोपी बसवली, आणि मी जन्माला आले. बहिणींबरोबर पुठ्ठ्याच्या पुडीत बसून रेल्वेनं सोलापूरला आले. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली होती एवढं आठवतं, कारण पुडीवर कुणीतरी चहाचा पेला ठेवला होता.

शुक्रवार पेठेत पंचाक्षरी डॉक्टरांचा दवाखाना होता. खाली दवाखाना, वर घर. मला काचेच्या पिचकारीला जोडायचे, औषध भरायचे आणि टोचायचे. खरं सांगते, त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचं. मला पाहून कुणी कधी हसलं नाही. मुलं आईच्या पदराआड लपायची. मोठी माणसं तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघायची. आपण कुणाला नकोच आहोत, असं वाटत राही.

पेठेत मागावर काम करणारे पुष्कळ. दिवसभर हात चालवायचा, मान खाली घालून धागा बघायचा. विड्या वळणाऱ्या बायकाही येत. त्यांच्या खांद्यात, मानेच्या मुळाशी कडक गाठी धरत. बोट दाबलं की माणूस कळवळायचा. डॉक्टर त्या गाठीत मला घालून बधिर करायचं औषध सोडत.

एकदा असं झालं, की मी गाठीत शिरले आणि डॉक्टर पिचकारी दाबणार इतक्यात तो माणूसच म्हणाला, “सुटलं की हो!” औषधाचा एक थेंबही गेला नव्हता. डॉक्टर पिचकारी हातात धरून तसेच उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. ते वाचू लागले, चाचपून बघू लागले. काही रोग्यांना सांगून-सवरून त्यांनी मला नुसतीच टोचली, कोरडी. सगळ्यांना गुण आला नाही. पण पुष्कळांना आला.

लोकांना मात्र हे पटायला वेळ लागला. कस्तुराबाई नावाच्या विडीवाल्या बाई तर हात झटकून उठल्याच होत्या.

“डॉक्टर, औषध संपलं असंल तर मी उद्या येते की. रिकामी कशापायी टोचता?”

“औषध आहे बाई. पण तुम्हाला ते लागणार नाही.”

“लागणार न्हाय? मग मी काय तुमची सुई बघायला आले व्हय?”

पण गुण आला, आणि त्याच बाई चार जणींना घेऊन आल्या. पेठेत माझं नाव झालं. कोरडी सुई. मला बरं वाटू लागलं. थोडा गर्वही झाला असेल. तो कसा उतरला, तेच आता सांगते.

पौष महिना जवळ आला होता. संक्रांतीला आमच्या सोलापुरात सिद्धेश्वर महाराजांची, म्हणजे आमच्या सिद्धरामाची, यात्रा भरते. उंचच उंच नंदीध्वज मिरवत निघतात. लोक त्यांना प्रेमानं काठी म्हणतात. कमरेला चामडी पट्टा बांधायचा, त्यात काठीचा बुंधा टेकवायचा, आणि ती उभी ठेवून गर्दीतून चालायचं. ओझं असतंच, पण त्याहून मोठा असतो तोल. जरा खांदा हलला की वरचं टोक हातभर झुकतं.

तिप्पण्णा हा मागावरचा विणकर. त्याच्या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या काठी धरत आलेले. तो फार नेमाचा माणूस. यात्रेच्या आधी महिनाभर अनवाणी चालायचा, एकदाच जेवायचा, आणि औषधाचा थेंबही अंगात जाऊ द्यायचा नाही. हा काही सगळ्यांचा नियम नव्हे. त्याचा त्यानंच घेतलेला होता, आणि तो कधी मोडला नव्हता.

आणि त्याच वर्षी त्याचा उजवा खांदा धरला. सराव करताना काहीतरी लचकलं. मान वळेना, हात वर जाईना. माग बंद पडला. बायको चंद्रव्वा आणि धाकटा भाऊ रुद्रप्पा त्याला दोन्हीकडून धरून दवाखान्यात घेऊन आले. तो बाकावर बसला तेव्हा त्याच्या कपाळावरची विभूती घामानं वाहून भुवयांवर आली होती.

“डॉक्टर, आधीच सांगतो. औषध चालायचं न्हाय. पाणीसुदीक भरू नका.”

“नाही भरत. कोरडीच सुई टोचेन.”

रुद्रप्पा हसला. “दादा, भ्या वाटतंय व्हय? तू बस निवांत. काठी मी धरतो तवर.”

“तू आधी सोताचं धोतर धर. मग काठीचं बघू.”

डॉक्टरांनी खांद्याच्या फऱ्याजवळ चाचपलं. बोट एका जागी थांबलं आणि तिप्पण्णानं ओठ चावला.

“इथंच आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या मागावर ताण्याचा एक दोरा आवळला तर काय होतं?”

“सगळं कापड वडलं जातं की.”

“तसंच झालंय. तो एक दोरा सैल केला की दुखणं जाईल. पण नीट ऐका, तिप्पण्णा. दुखणं गेलं म्हणजे ताकद आली असं नाही. इतके दिवस आवळलेला स्नायू आहे. त्याला सावरायला महिना-दीड महिना तरी लागेल. तेवढ्यात काठी पेललीत आणि गर्दीत मधेच खांद्यानं दगा दिला, तर ती काठी कुणाच्या डोक्यावर जाईल? बापांच्या खांद्यावर पोरं असतात हो. यंदा काठी धरायची नाही. शब्द देणार असाल तर टोचतो.”

तिप्पण्णानं डाव्या हातानं भुवईवरचा घाम पुसला. 

“आमच्या घरानं आजवर काठी सोडलेली न्हाय, डॉक्टर.”

“घरात तुम्ही एकटेच आहात का?”

तिप्पण्णानं रुद्रप्पाकडे बघितलं. रुद्रप्पा एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. भावाला तो गेली कित्येक वर्षं सरावात साथ करत होता. रिकामा पट्टा धरायचा, दोर ओढायचा, पाणी आणून द्यायचं. काठी मात्र तिप्पण्णानं त्याला यात्रेत कधी दिली नव्हती. “ह्याची नजर वर लोकांकडं असती, पायाकडं नसती,” असं तो चारचौघांत म्हणायचा.

चंद्रव्वा एवढा वेळ दाराशी उभी होती. ती पदर सावरून पुढे आली.

“डॉक्टर, एक इचारू का? निम्मीच गाठ सोडता यील का?”

“निम्मी? ती कशासाठी?”

“थोडं दुखत राहिलं तर हे घरी तरी बसतील.”

“ऐकलं का, डॉक्टर!” तिप्पण्णा दुखऱ्या मानेनंच म्हणाला. “ही माझी बायको. शत्रू परवडला.”

अक्कम्माबाईंनासुद्धा हसू आलं. पण चंद्रव्वा हसली नाही. ती नवऱ्याला ओळखत होती.

शेवटी तिप्पण्णानं डोळे मिटले. “बरं. सिद्धरामाच्या नावानं शब्द देतो. यंदा काठी धरणार न्हाय.”

मित्रांनो, त्या क्षणी डॉक्टरांच्या चिमटीत त्याचा स्नायू होता आणि माझं टोक त्याच्या कातडीला टेकलेलं होतं. खरं बोलणाऱ्या माणसाचं अंग जरा सैल पडतं, हे मला एव्हाना ठाऊक झालं होतं. तिप्पण्णाचा स्नायू मात्र शब्द देताना आणखी आवळला. माझ्याशिवाय ते कुणाला कळलं नाही.

“हलायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “खोकला, शिंक, काही आलं तर आधी सांगा. या जागेच्या खाली बरगड्या आहेत, आणि बरगड्यांच्या खाली फुप्फुस.”

म्हणूनच ते स्नायू चिमटीत धरून, छातीपासून वर उचलून मग टोचत. मी आत शिरले. एक थर, दुसरा थर. गाठ अजून लागली नव्हती. डॉक्टरांनी मला थोडं मागे घेतलं, दिशा बदलली, पुन्हा आत घातलं. इतक्यात बाहेर गल्लीत सरावाच्या पोरांनी आरोळी ठोकली, “हर्र बोला हर्र!” आणि तिप्पण्णाचं सगळं अंग दारात बांधलेल्या बैलासारखं त्या आवाजाकडे ओढलं गेलं. मी वाकले. आत, चिमटीच्या बाहेरच्या बाजूला, बरगडीच्या कडेला माझं टोक घासलं. तिथून पुढे केसभरही जायचं नव्हतं. डॉक्टरांचा हात जागच्या जागी थिजला. त्यांचा श्वास मला ऐकू येईना.

“श्वास सोडा,” ते अगदी हळू म्हणाले. “हळूहळू. बाहेर काही नाही. कुणी तुम्हाला बोलवत नाही.”

तिप्पण्णानं श्वास सोडला. मी पुन्हा सरळ झाले. डॉक्टरांनी मला पुढे सरकवलं आणि या वेळी मी बरोबर गाठीत गेले. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तो स्नायू एकदा उसळला. मग सैल पडला. पुरता सैल.

डॉक्टरांनी मला बाहेर काढलं, कापूस दाबून धरला आणि स्वतः खुर्चीत बसले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. तिप्पण्णानं हळूच मान फिरवली. डावीकडे. मग उजवीकडे. मग त्याचा हात वर गेला, छपराकडे, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“गेलं,” तो म्हणाला. “देवा, गेलं की.”

चंद्रव्वानं त्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

पुढचे दिवस मला सुखाचे जायला हवे होते. पेठेत माझं कौतुक चाललं होतं. औषधाविना तिप्पण्णाचा खांदा सुटला, देवाचीच कृपा, असं लोक म्हणत. पण एका दुपारी चंद्रव्वा आली. डॉक्टर जेवायला वर गेले होते. ती अक्कम्माबाईंजवळ जमिनीवरच बसली.

“अक्का, हे मागल्या परसात बांबू उभा करून कमरेला लावून बघतेत. त्यास्नी वाटतं मी भाकरी थापतीय.”

“तू बोललीस का काही?”

“बोलून काय व्हतंय? बोलले तर हट्टानं करतील. रुद्रभावजींनाबी दम भरलाय, डॉक्टरकडचं भाईर बोलायचं न्हाय म्हणून.”

“मग?”

“मी आडवी येणार न्हाय. नुसती दिवा लावून बसणार.”

उकळत्या पाण्यात मी ऐकत होते. पाणी नेहमीएवढंच तापलं होतं, पण मला त्या दिवशी ते सोसवेना. दुखणं त्या माणसाला थांबवत होतं. ते दुखणं मीच काढून टाकलं होतं. आता काठी कलली, कुणाचं लेकरू खाली सापडलं, तर? माझ्या कौतुकाचा सगळा रंग त्या पाण्यात उतरून गेला.

यात्रेच्या सकाळी काय झालं ते सांगण्याआधी, मित्रांनो, माझं थोडं मागणं ऐकून घ्या. आज मी काचेच्या बाटलीत, कपाटाच्या मागच्या बाजूला पडून आहे. आता एकदाच वापरून टाकून द्यायच्या सुया आल्या, आणि ते चांगलंच झालं. एकाची सुई दुसऱ्याला लावू नये. शिकलेल्या हाताशिवाय कुणी कुणाला टोचू नये, गंमत म्हणूनही नाही. माझं वाईट वाटून घेऊ नका. पण तुमच्या अंगाची काळजी घ्या. अंग दुखतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं, ते ऐका. आणि दुखायचं थांबलं, तरी थोडे दिवस त्याला सांभाळा. आजारातून उठलेल्या माणसाला आपण लगेच विहिरीवर पाणी ओढायला धाडतो का? मग आपल्याच खांद्याला, पाठीला, डोळ्यांना का धाडावं?

तर त्या सकाळी सगळी पेठ रस्त्यावर आली होती. डॉक्टर एका अवघड बाळंतपणासाठी विजापूर वेशीकडे गेले होते. दवाखान्यात अक्कम्माबाई एकट्याच होत्या. त्यांचा उपवास होता, तरी हात नेहमीसारखे चालले होते. त्यांनी मला चिमट्यानं पाण्यातून काढून ताटलीत ठेवलं आणि दारात तिप्पण्णा येऊन उभा राहिला. पांढरीशुभ्र बाराबंदी, कपाळभर विभूती, पाय अनवाणी. कमरेला पट्टा बांधलेला.

“अक्का, डॉक्टर कुटं हायत?”

“बाहेर गेलेत. उशीर लागेल.”

“मग तूच टोच की एकदा. रोज बघतीस.”

“मी सुया उकळते, तिप्पण्णा. टोचत नाही. दुखतंय का?”

“न्हाय! येवढंबी न्हाय.” त्यानं हात गरकन फिरवून दाखवला. “नुसतं दिवसभरात पुन्हा धरू नये म्हणून.” तो आत येऊन बाकावर टेकला. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी बोलू लागला. “औषधाचा थेंब न्हाय, तरी दुखणं गेलं. हे कुणी केलं? त्यानंच की. म्हंजे त्याच्या मनात काय हाय ते दिसतंयच. धर काठी, असंच म्हणतोय तो.”

अक्कम्माबाईंनी मला फडक्यानं पुसलं. मग, चहा घेतलास का असं विचारावं तितक्या हळू त्यांनी विचारलं, “आणि शब्द कुणाच्या नावानं दिलास?”

तिप्पण्णानं आपल्या पायांकडे बघितलं. बाहेर वाद्यं वाजू लागली होती.

“महिनाभर पायात काई घातलं न्हाय, अक्का. एक येळ जेवलो. एकबी नेम मोडला न्हाय.”

“हो. मी बघितलंय.”

 कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याची घागर भरून ठेवली होती, गळ्यापर्यंत. तिप्पण्णा उठला. स्वतःलाच काही सिद्ध करून दाखवायचं असावं, तसा तो घागरीजवळ गेला आणि उजव्या हातानं ती उचलून छातीसमोर धरून उभा राहिला. काठी पेलताना राहतात तसा, पाय फाकून, मान ताठ.

मी ताटलीतून बघत होते. त्याचा चेहरा शांत होता. त्याला खरंच काही दुखत नव्हतं. पण घागरीतलं पाणी थरथरत होतं. आधी मधोमध बारीक वर्तुळं उठली. मग ती काठाला जाऊन आपटू लागली. मग एक लाट घागरीच्या तोंडावरून खाली आली आणि बाराबंदीची बाही भिजली. तिप्पण्णानं दात आवळले, हात स्थिर धरायचा प्रयत्न केला. पाणी आणखी सांडलं.

रस्त्यावरून एक माणूस घाईनं पुढे गेला. त्याच्या खांद्यावर लाल टोपीतली लहान मुलगी बसली होती. तिनं दोन्ही हातांनी बापाचे केस धरले होते आणि ती आभाळाकडे बघत होती. काठ्या कुठून येणार ते शोधत असावी.

तिप्पण्णानं घागर खाली ठेवली. त्यानं ओल्या फरशीकडे बघितलं. मग त्याचा हात कमरेकडे गेला. पट्ट्याच्या भोकांतून ओवलेल्या वादीची गाठ घट्ट होती, ती सुटायला वेळ लागला.

“अक्का,” तो म्हणाला.  “रुद्र्याची कंबर बारकी हाय. त्याला ह्यो पट्टा मोठा हुईल का?”

“एक भोक पाडून घे. दाभण देऊ?”

“दे.”

त्यांनी खणातून दाभण काढून दिलं. मित्रांनो, मी इतक्या लोकांच्या गाठी सोडवल्या, पण त्या वेळी मला त्या जाड्याभरड्या दाभणाचा हेवा वाटला.

“आणि त्याला सांगतो, नजर पायाकडं ठेव,” तिप्पण्णा पुटपुटला. मग थांबला. “न्हाय. आज काई सांगत न्हाय.”

अक्कम्माबाईंनी नुसते हात जोडले. त्यानं पट्टा घडी घालून काखेत धरला, दाभण बाराबंदीत खोचलं आणि उंबरा ओलांडला. सगळे लोक काठ्यांच्या दिशेनं चालले होते. तिप्पण्णा त्यांच्यातून वाट काढत, कुणाशी न बोलता, उलट्या बाजूला, भावाच्या घराकडे निघाला.